डिसकनेक्ट केलंत, पण रिव्होक केलंत का?

मिंटिंगच्या, म्हणजे नवा एनएफटी (ब्लॉकचेनवर नोंदलेली डिजिटल वस्तू) बनवून घेण्याच्या एखाद्या साइटचा संशय आला की बहुतेकजण मेटामास्क हे वॉलेट उघडतात, त्या साइटसमोरचं ‘डिसकनेक्ट’ दाबतात आणि टॅब बंद करतात. एनएफटी मात्र आठ-पंधरा दिवसांनीही जाऊ शकतो, कारण साइटला कनेक्ट आणि अप्रूव्हल (एनएफटी हलवायची परवानगी) अशा दोन वेगळ्या गोष्टी दिलेल्या असतात आणि परत घेतलेली असते एकच. अप्रूव्हल परत घेणं म्हणजे रिव्होक.

कनेक्ट म्हणजे नुसती ओळख. वॉलेट साइटला तुमचा पत्ता, म्हणजे खात्याचा क्रमांक सांगतं आणि तुमच्यासमोर विनंतीची खिडकी उघडायची मुभा देतं. सुरुवातीची काही वर्षं मेटामास्क हा पत्ता न विचारताच दाखवायचं. ‘कनेक्ट’ची खिडकी नंतर आली. या परवानगीची नोंद तुमच्या ब्राउझरमधल्या एक्स्टेंशनमध्येच राहते. म्हणून डिसकनेक्ट फुकट होतं, आणि लगेच.

अप्रूव्हलची नोंद मात्र ब्लॉकचेन या सार्वजनिक नोंदवहीवर, त्या कलेक्शनच्या (एनएफटींच्या संचाच्या) कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे तिथं चालणाऱ्या प्रोग्राममध्ये बसते. ईआरसी-७२१ या एनएफटींच्या २०१८ च्या मानकात तिचे दोन प्रकार आहेत. ‘अप्रूव्ह’ एका टोकनपुरतं, म्हणजे एका एनएफटीपुरतं असतं. ‘सेट अप्रूव्हल फॉर ऑल’ दिलं की त्या कलेक्शनमधले तुमचे सगळे टोकन समोरच्या पत्त्याला हलवता येतात, उद्या विकत घ्याल तेसुद्धा. याला मुदत नसते. हे मुळात वाईट नाही. तुम्ही झोपेत असताना गिऱ्हाइकाने एनएफटी घेतला तर मार्केटप्लेसला तो हलवता यावा म्हणून ही सोय आहे.

घोडबंदर रोडवरचा फ्लॅट विकायला कुणाला नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र दिलंत आणि मग बिनसलं, असं समजा. सोसायटीच्या वॉचमनला ‘याला आत सोडू नका’ म्हणून सांगितल्याने ते पत्र रद्द होत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात रद्द करण्याचा दस्त नोंदवावा लागतो. डिसकनेक्ट म्हणजे वॉचमनला सांगणं. ज्याच्याकडे अप्रूव्हल आहे तो गेटवर येतच नाही. तो स्वतःच्या यंत्रावरून थेट कॉन्ट्रॅक्टला व्यवहार पाठवतो. तुमचा लॅपटॉप बंद आणि तुम्ही ठाणे स्टेशनवर फास्ट लोकलच्या रांगेत, तरी एनएफटी गेलेला.

गोंधळ होतो त्याला वॉलेटची मांडणीही कारणीभूत आहे. दोन्ही वेळी तीच छोटी खिडकी उघडते, बटण तिथंच, रंग तोच. म्हणून बटणाआधी दोन ओळी बघा: फीची आणि काय मागितलंय त्याची. कनेक्टच्या खिडकीत नेटवर्क फी नसते. अप्रूव्हलच्या खिडकीत असते. ‘फ्री मिंट’ म्हणणाऱ्या साइटने ‘सेट अप्रूव्हल फॉर ऑल’ मागितलं तर सरळ नकार द्या. मिंट करताना नवा टोकन तुमच्याकडे येतो, तुमचे जुने टोकन हलवायची परवानगी त्याला लागत नाही. या विनंतीचा कच्चा डेटा दिसत असेल तर शेवटचा आकडा वाचा: १ म्हणजे परवानगी देणं, ० म्हणजे काढणं.

रिव्होक करायला इथरस्कॅन या इथेरियम ब्लॉकचेनचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटचं ‘टोकन अप्रूव्हल चेकर’ उघडा. साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. सर्चमधल्या जाहिरातीवर क्लिक करू नका, तिथं बनावट रिव्होक साइटही भेटू शकते. वॉलेटचा पत्ता टाकल्यावर ईआरसी-२० (चलनासारखे टोकन), ७२१ (एनएफटी) आणि ११५५ (दोन्ही प्रकारचे टोकन) यांच्या याद्या वेगळ्या दिसतात, तिन्ही तपासा. नको त्या ओळीसमोर ‘रिव्होक’ दाबा आणि खिडकीत तेच कलेक्शन, तोच पत्ता आहे ना ते बघून मंजुरी द्या. हा खरा व्यवहार आहे, त्यामुळे फीपुरतं थोडं इथर (इथेरियमचं चलन) वॉलेटमध्ये हवं. एनएफटी असलेल्या खात्यात इथर शून्य ठेवणाऱ्यांची ऐन वेळी इथंच अडचण होते. प्रत्येक कलेक्शनचं रिव्होक वेगळं आणि प्रत्येक ब्लॉकचेनचंही वेगळं. इथेरियमवर केलेल्या रिव्होकने पॉलिगॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनवरची परवानगी रद्द होत नाही.

एक जागा मात्र जास्त फसवी आहे. ओपनसीसारख्या मार्केटप्लेसला तुम्ही अप्रूव्हल आधीच दिलेलं असतं. अशा वेळी फसव्या साइटला नवं अप्रूव्हल लागत नाही, वॉलेटमधून केलेली तुमची एक डिजिटल सही पुरते: हा एनएफटी शून्य किमतीला अमुक पत्त्याला विकायला काढला आहे, एवढाच तिचा मजकूर. सहीला फी नाही आणि ती इथरस्कॅनवर तुमच्या व्यवहारांत दिसतही नाही, म्हणून वरचा फीचा नियम इथं उपयोगाचा नाही. सहीच्या खिडकीत किंमत, टोकन आणि मिळणारी रक्कम वाचूनच पुढे जा. मजकुराऐवजी नुसती हेक्स अक्षरं (० ते ९ आणि a ते f यांची न कळणारी ओळ) दिसली तर नाकारा. अशी सही होऊन गेली असेल तर मार्केटप्लेसवरची लिस्टिंग ब्लॉकचेनवर रद्द करा, किंवा त्या कलेक्शनचं मार्केटप्लेसला दिलेलं अप्रूव्हलच काढा.

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे खात्याची गुप्त किल्ली वेगळ्या उपकरणात ठेवणारं वॉलेट, इथं फारसं वाचवत नाही. किल्ली सुरक्षित राहते, पण मंजुरी तुमच्याच बोटाने गेलेली असते. त्यापेक्षा मिंटिंगचं खातं वेगळं ठेवा आणि कनेक्ट करताना तेवढंच निवडा. अप्रूव्हल पत्त्याला चिकटतं, त्यामुळे साठवणीचा पत्ता कोरा राहतो.

आणि कुणी १२ शब्दांचं रिकव्हरी फ्रेज (ज्यातून वॉलेटमधली सगळी खाती उघडतात) काढून घेतलं असेल तर डिसकनेक्ट, रिव्होक दोन्ही विसरा. त्या फ्रेजवरची सगळी खाती गेली समजा. फीसाठी टाकलेलं इथरसुद्धा चोराचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) क्षणात उचलू शकतो. नव्या फ्रेजचं वॉलेट बनवून उरलेलं तिकडे हलवा आणि सायबर तक्रारीसाठी १९३० ला फोन करा. फोनआधी व्यवहाराचा हॅश (ओळख क्रमांक) आणि चोराचा पत्ता लिहून ठेवा.