आपल्या मागणीची स्वतंत्र ब्रँच : बिलिंग सॉफ्टवेअरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही पाठवत असलेल्या कामाच्या नोंदींत 'ब्रँच' हा शब्द वारंवार येतो आणि त्याचा नेमका अर्थ काय, अशी विचारणा अनेक ग्राहक करतात. 'शाखा' हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक टाळला आहे, कारण आपल्यापैकी काहींच्या दुकानांच्या शाखा कोथरूड किंवा हडपसर येथे आहेत आणि एकाच पत्रात दोन्ही अर्थ आले की घोटाळा होतो.

आपल्या सॉफ्टवेअरचा सर्व कोड, म्हणजे संगणकाला दिलेल्या लेखी सूचना, आम्ही 'गिट' या प्रणालीत ठेवतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ मध्ये लिनक्स या संगणक कार्यप्रणालीच्या कामासाठी तयार केली. गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाला 'कमिट' म्हणतात. प्रत्येक कमिटमध्ये तिच्या आधीच्या कमिटचा दाखला असतो, त्यामुळे कोणती ओळ कोणी आणि केव्हा बदलली, हे मागे मागे जात पाहता येते. ब्रँच म्हणजे अशा एखाद्या कमिटला दिलेले नाव. पुढची कमिट झाली की ते नाव तिच्यावर सरकते. ब्रँच काढताना संपूर्ण कोडची दुसरी प्रत करावी लागत नाही, म्हणून अगदी छोट्या दुरुस्तीसाठीही आम्ही स्वतंत्र ब्रँच काढतो.

आपल्या काउंटरवर चालणारे सॉफ्टवेअर 'मेन' या ब्रँचवरून तयार होते. आपली मागणी आली की मेनवरून नवी ब्रँच निघते, काम तिच्यावर होते, चाचणीची प्रत आपल्याला दिली जाते आणि आपण लेखी होकार दिल्यावरच ते काम मेनमध्ये मिसळले जाते. या मिसळण्याला 'मर्ज' म्हणतात.

याचे महत्त्व जीएसटीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. नवे दर ३ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन गणेशोत्सवात, जाहीर झाले आणि बहुतेक वस्तूंना ते २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून, लागू झाले. समजा, त्या १९ दिवसांत लक्ष्मी रस्त्यावरील तयार कपड्यांच्या एखाद्या दुकानासाठी दिवाळीच्या सवलतीचे कामही अर्धवट होते. दोन्ही कामे एकत्र असती, तर नव्या दरांबरोबर अर्धी सवलतही काउंटरवर पोचली असती. ब्रँच वेगळ्या असल्या की दरांचे काम वेळेवर मेनमध्ये जाते आणि सवलतीचे काम आपल्या गतीने चालू राहते.

दोन ब्रँचमध्ये कोडची तीच ओळ वेगवेगळ्या प्रकारे बदललेली असेल, तर मर्ज करताना गिट थांबते आणि दोन्ही मजकूर समोर ठेवते. याला 'कॉन्फ्लिक्ट' म्हणतात. हा बिघाड नव्हे, आणि अशा वेळी आम्ही आपल्याला दूरध्वनी करतो, कारण कोणता नियम ठेवायचा हे पुष्कळदा व्यवहार जाणणारी व्यक्तीच सांगू शकते.

आम्हाला अधिक काळजी असते ती गिट थांबत नाही अशा वेळची. तयार कपड्यांवर नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आहे. कर सोडून २,७०० रुपये किमतीच्या कुर्त्यावर दहा टक्के सवलत दिली, तर विक्रीमूल्य २,४३० रुपये होते आणि कर ५ टक्क्यांनी १२१ रुपये ५० पैसे लागतो. परंतु दराची ब्रँच मूळ किंमत पाहून दर ठरवत असेल आणि सवलतीची ब्रँच वेगळ्या फाइलमध्ये नंतर रक्कम कमी करत असेल, तर दोन्ही ब्रँच विनातक्रार मर्ज होतील आणि त्याच कुर्त्यावर १८ टक्क्यांनी ४३७ रुपये ४० पैसे कर छापला जाईल. गिट ओळींची तुलना करते, हिशोबाचा अर्थ त्याला कळत नाही. म्हणूनच मर्ज झाल्यावर आम्ही एकत्रित प्रत पुन्हा तपासतो आणि आपणही ती तपासावी, असा आमचा आग्रह असतो. तपासताना २,५०० रुपयांच्या अलीकडची आणि पलीकडची, सवलतीसह आणि सवलतीविना, अशी चार बिले अवश्य करून पाहावीत.

एका संदेशात एकच मागणी लिहिल्यास तिची ब्रँच स्वच्छ राहते. चाचणीची प्रत शक्यतो आठवड्याच्या आत पाहावी, कारण ब्रँच पडून राहिली की दरम्यान मेन पुढे सरकते आणि जुळवणी अवघड होत जाते. मर्ज झालेल्या ब्रँचचे नाव आम्ही काढून टाकतो, त्यामुळे ते पुढच्या नोंदींत दिसणार नाही; मात्र तिच्यावरील कमिट मेनच्या इतिहासात कायम असतात आणि मागितल्यास आम्ही त्या दाखवू.