उंदीर, मिरवणूक आणि माहितीचा अर्ज

इंदूरमध्ये आरोग्याच्या कारभारात लोकांना सामील करून घेण्याची सुरुवात उंदरांच्या धास्तीने झाली. प्लेगने गांजलेल्या शहरासाठी होळकर दरबाराने नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावले. 1917च्या दिवाळीत या स्कॉटिश गृहस्थाने फर्मान न काढता मिरवणूक काढली. ती कोणत्या वस्तीतून जाणार? जी वस्ती सगळ्यांत जास्त झाडलोट आणि डागडुजी करील तिच्यातून! मग काय, लोक कामाला लागले. मिरवणुकीत प्लेगचा उंदीर होता, घाणीचा राक्षस होता, आणि शुभ्र कपडे घातलेले, फुले माळलेले सफाई कामगारही मानाने चालत होते. माझ्या मते तिच्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच. 1918मध्ये गेडिस यांचा दोन खंडांचा अहवाल आला, तो मात्र इंग्रजीत आणि दरबाराला उद्देशून. गल्ल्या झाडणाऱ्यांनी तो कधी वाचला असेल असे वाटत नाही.

पुढचा टप्पाही उंदरांचाच. 1994मध्ये सुरतेत प्लेग पसरल्यावर इंदूरच्या, उंदरांनी बुजबुजलेल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाकडे, म्हणजे आपल्या एम. वाय.कडे, सगळ्यांचे लक्ष गेले. रुग्ण तात्पुरते बाहेर हलवून इमारत साफ केली, हजारो उंदीर मारले. शहराने हातभार लावला. त्यातूनच 1995च्या सुमारास रोगी कल्याण समिती उभी राहिली. रुग्णांकडून घेतलेले शुल्क सरकारी तिजोरीत न जाता तिथेच खर्च व्हावे आणि निर्णयात स्थानिक लोक असावेत, ही तिची कल्पना. 2005च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने अशा समित्या देशभर नेल्या. पण समितीत बसणारे बहुधा अधिकारी आणि प्रतिष्ठित. खाटेवरच्या माणसाच्या वाट्याला आली ती शुल्काची पावती. (ऑगस्ट 2025च्या अखेरीस याच एम. वाय.त दोन नवजात बाळांना उंदीर चावले.)

चित्र पालटले ते माहितीच्या अधिकाराने. हा कायदा 2005चा. इंदूरच्या सरकारी रुग्णालयांत आलेल्या रुग्णांवर औषधांच्या चाचण्या चालल्याचे अर्जांतून आणि विधानसभेतल्या प्रश्नांतून बाहेर आले. किती रुग्ण, कोणते औषध, डॉक्टरांना किती पैसे, हे प्रश्न पहिल्यांदाच उघडपणे विचारले गेले. संमतिपत्रावर सही असे. पण घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या आजीला त्यातले ‘प्लासिबो’, म्हणजे तुलनेसाठी दिलेले बिनऔषधी औषध, कोण समजावणार? 2012मध्ये इंदूरचा स्वास्थ्य अधिकार मंच सर्वोच्च न्यायालयात गेला. 2013मध्ये चाचणीत इजा किंवा मृत्यू झाल्यास द्यायच्या भरपाईचे नियम झाले आणि संमती घेतानाचे चित्रीकरण सक्तीचे ठरले. 2015मध्ये ती सक्ती सैल केली. आता दुर्बल गटातल्या रुग्णांवर नव्या रासायनिक घटकाची, म्हणजे औषध म्हणून आधी मान्यता न मिळालेल्या पदार्थाची, चाचणी असेल, तरच कॅमेरा सुरू होतो.