माशाला नाव कधी मिळतं?

गिरणा किंवा हतनूरच्या जलाशयात मोठा कटला निघाला तर त्याची चर्चा होते, पण त्याला नाव मिळत नाही. दिवस मावळायच्या आत तो कापून विकलेला असतो. नाव मिळायला तोच मासा पुन्हा हाती लागावा लागतो, आणि तो तोच आहे हे पटवता यावं लागतं. कापायच्या बोकडाचं बारसं कोणी करत नाही. सर्जा-राजा म्हणतात ते बैलांना.

माशांना नावं द्यायची रीत सर्वाधिक रुजली ती इंग्लंडच्या कार्प (आपल्याकडे सिप्रनस म्हणतात तो मासा) पकडणाऱ्या हौशी मंडळींत. एके काळी तिथेही मोठा मासा मारून, भुसा भरून काचपेटीत ठेवत. १९३४ साली हेरफर्डशायरमधल्या रेडमायर तळ्यात ५० लहान कार्प सोडले गेले. त्याच तळ्यात १३ सप्टेंबर १९५२ रोजी रिचर्ड वॉकर यांच्या गळाला ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २० किलोचा कार्प लागला. वॉकर यांनी तो न मारता लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला दिला. तिथे 'क्लॅरिसा' या नावाने तो १९७१ पर्यंत जगला. स्वतः वॉकर त्याला 'रॅव्हिओली' म्हणत. १९८० साली ख्रिस येट्स यांनी याच तळ्यात ५१ पौंड ८ औंसांचा 'बिशप' पकडला आणि वजन करून परत पाण्यात सोडला. माझ्या मते रीत पक्की झाली ती इथून, कारण क्लॅरिसा पुन्हा कोणाच्या गळाला लागणार नव्हती.

त्याच सुमारास 'हेअर रिग' आली. यात आमिष गळावर न टोचता गळाला बांधलेल्या बारीक धाग्यावर लोंबतं. कार्प आमिष ओढून घेतो, संशय आला की थुंकतो, आणि थुंकताना मोकळा गळ खालच्या ओठात रुततो. गळ घशात उतरत नाही, म्हणून सोडलेला मासा जगतो. तेच ते मासे वारंवार बाहेर येऊ लागले आणि त्यांची ओळख ठेवणं भाग पडलं.

ओळख पटते ती खवल्यांवरून. मिरर कार्पच्या अंगावर मोजकेच मोठे खवले विखुरलेले असतात आणि त्यांची मांडणी सहसा जन्मभर तीच राहते. डावी आणि उजवी बाजू वेगळी असल्याने फोटो दोन्ही बाजूंचे लागतात. वजनावर विसंबता येत नाही: अंडी भरलेली मादी विणीनंतर बरीच उतरते. ओल्या झोळीत वजन करून झोळीचं वजन वजा करायला विसरणं, ही तर नेहमीची चूक. हात आणि खालची गादी ओली हवी, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघून जखमेत बुरशी धरते.

रोहू, कटला, मृगळ यांच्या अंगावर मात्र सारख्या खवल्यांच्या ओळी. जुना व्रण किंवा फाटका पर नसेल तर एक रोहू दुसऱ्यापासून वेगळा काढणं जवळपास अशक्य.

पाणीही बंदिस्त लागतं. पीटरबरोजवळच्या तळ्यातल्या 'बेन्सन'ला नाव मिळालं ते पाठीच्या परातल्या, सिगारेटने पडावं तशा भोकावरून. सिगारेटचा ब्रँड होता बेन्सन अँड हेजेस. बेन्सनचा जोडीदार 'हेजेस' १९९८ च्या पुरानंतर दिसला नाही. बेन्सन साठहून अधिक वेळा पकडली गेली आणि २००९ साली मेली. कच्च्या टायगर नटचा (आमिषाला वापरतात तो छोटा कंद) संशय घेतला गेला, तो खरा असो वा नसो. आपल्याकडे हरभरा किंवा मका आमिषाला वापरताना चोवीस तास भिजवून, अर्धा तास उकळावा हे बरं; कोरडा दाणा पोटात फुगतो.

हतनूरला तर ४१ दरवाजे. पावसाळ्यात ते उघडले की आतला मासा तापीतून खाली कुठवर जाईल, याचा हिशेब कोण ठेवणार? वर मासेमारीचा ठेका आणि जाळी. तिथे सोडलेला मासा पुन्हा भेटण्याची आशाच नको.

खानदेशात ही रीत जमलीच तर शेततळ्यात. पाणी बंदिस्त असतं, मालक एकच असतो, आणि सिप्रनसमध्ये मिरर जातीचं पिल्लू मिळालं तर ओळखही पटते. अडचण उन्हाळ्याची. केळीला पाणी देता देता तळं मीटरभरावर आलं की पाणी तापतं, प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. मोठ्यांना त्रास आधी होतो. अशा दिवसांत गळ टाकूच नये. पकडून सोडलेला मासा पोहत गेला तरी तासाभराने उलटा तरंगताना सापडतो.