अलॉय स्टील आणि माइल्ड स्टीलचा सांधा: रॉडच्या वादाची पार्श्वभूमी

अलॉय स्टील (क्रोमियमसारखे धातू मिसळलेले पोलाद) माइल्ड स्टीलला (साध्या, कमी कार्बनच्या पोलादाला) जोडताना वेल्डिंगचा कोणता रॉड घ्यावा, हा वाद आहे. लोखंडी अवजाराला पोलादी धार बसवण्याची रीत फार जुनी. दोन्ही तुकडे भट्टीत तापवून ऐरणीवर ठोकले की सांधा धरे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आवरण असलेले वेल्डिंग रॉड आले, पण खरा पेच उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धात. रणगाड्यांच्या चिलखती प्लेटा साध्या रॉडने जोडल्या की वेल्डच्या कडेला, मूळ धातूतच, तडे जात. तेही काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. दोष निघाला रॉडच्या आवरणातून येणाऱ्या हायड्रोजनचा.

तेव्हा स्टेनलेस रॉड कामाला आले. हायड्रोजन त्यांच्या धातूतच अडकून राहतो, वेल्डच्या कडेला उष्णतेने कडक झालेल्या पट्ट्यापर्यंत फारसा पोहोचत नाही. मात्र त्यांना लागणाऱ्या निकेल आणि क्रोमियमचा तुटवडा होता. त्यातून १९४०च्या दशकात चुनखडीच्या आवरणाचे लो हायड्रोजन रॉड पुढे आले. आजचा ७०१८ क्रमांकाचा रॉड त्याच घराण्यातला.

वाद इथूनच सुरू होतो: ४१४० या क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या अलॉय स्टीलचा शाफ्ट एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलच्या, प्लेटला जोडायचा तर ३०९ हा स्टेनलेस रॉड घ्यावा की ७०१८? स्टेनलेस रॉड घेतला की प्रीहीट (वेल्ड करण्याआधी धातू तापवणे) नको, हा समज युद्धकाळापासून चिकटला आहे आणि तो घातक आहे. रॉड कोणताही असो, ४१४० च्या बाजूला कडक पट्टा तयार होतोच. प्रीहीट न करता जोडलेल्या सांध्यावर कानस चालवून पाहावी; त्या पट्ट्यावर ती नुसती घसरते. १९६७ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालेल्या कार्बन इक्विव्हॅलंटच्या (पोलाद वेल्डजवळ किती कडक होईल याचा अंदाज देणाऱ्या आकड्याच्या) सूत्रात मँगनीजला सहाने आणि क्रोमियम-मॉलिब्डेनमला पाचाने भागून कार्बनमध्ये मिळवतात. त्यात माइल्ड स्टील ०.३ च्या आसपास राहते, ४१४० मात्र ०.७ च्या वर जाते. म्हणून प्रीहीट अलॉयच्या बाजूने ठरवायचे, साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअस. रॉडची ताकद मात्र कमकुवत बाजूला पुरली की झाले, आणि तिथे भट्टीत नीट सुकवलेला ७०१८ पुरेसा आहे. प्रीहीट करणे शक्यच नसेल तिथे ३०९ ला जागा आहे, पण ती नाइलाजाची.

पुढे वीजकेंद्रांच्या बॉयलरांनी स्टेनलेस वेल्डची आणखी एक बाजू दाखवली. तो क्रोम-मॉली (क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या) नळीपेक्षा जवळपास दीडपट प्रसरण पावतो, शिवाय नळीतला कार्बन हळूहळू वेल्डकडे सरकतो. वर्षानुवर्षे तापून-निवून सांध्याच्या रेषेवरच भेगा पडू लागल्या, आणि अशा कामात निकेलचे रॉड आले.