भिंतीला पोट का येतं?

रस्ता रुंद करताना औसा तालुक्यातल्या एका गावात जुन्या घराची भिंत मधोमध कापली गेली होती. चांगली अडीच फूट जाड. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, अख्खी काळ्या दगडाची आहे. कापलेल्या बाजूने पाहिलं तर भलतंच! बाहेरच्या अंगाला दगडांची एक रांग, आतल्या अंगाला दुसरी, आणि मधल्या जागेत पांढरी माती, कपच्या, खापरं, हाताला लागेल ते. दोन्ही रांगांना धरून ठेवणारा दगड एकही नाही. म्हणजे ती अडीच फुटी भिंत नव्हतीच. दोन सडपातळ भिंती मधे माती घेऊन शेजारी-शेजारी उभ्या होत्या, इतकंच.

असं का बांधत असतील? घडीव दगड महाग, ओबडधोबड धोंडे शेतात फुकट. त्यांचं एकच तोंड जरा सपाट असतं, ते गवंडी दर्शनी बाजूला लावतो आणि मागचा वेडावाकडा भाग आत ढकलतो. सांध्यात चिखल. चुना परवडणारी घरं गावात मोजकीच.

वर माळवद. खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा लाकडाच्या चिपा, आणि त्यावर थापलेली माती. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर नवी माती टाकायची. जुनी कोणी काढत नाही. त्यामुळे माळवद पिढ्यागणिक जाड होत जातं. एक फूट जाडीचं धरलं तरी दहा बाय दहाच्या खणावर साडेचार टनांच्या आसपास माती येते. डोक्यावर ट्रॅक्टर ठेवून झोपल्यासारखंच म्हणा ना!

पण या मातीचा गुण मे महिन्यात विचारावा. दुपारच्या उन्हाची धग फूटभर मातीतून खाली उतरायला नऊ-दहा तास लागतात, आणि पोचेपर्यंत तिच्यात दमच उरत नाही. स्लॅब चार-पाच इंचाचा. त्यातून धग तीन-चार तासांत खाली येते, म्हणून संध्याकाळी पंखा लावला तरी तो गरम वारा फेकतो. ज्यांनी माळवदाखाली उन्हाळा काढलाय, त्यांना हे आकडे सांगायची गरज नाही.

भूकंपात हेच वजन उलटतं. जमीन हलली की घरावर येणारा जोर घराच्या वजनाच्या हिशेबात येतो. जितकं जड घर, तितका मोठा हिसका. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी, विसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत होते. भूकंपाची तीव्रता 6.2. जगाच्या मानाने तो काही फार मोठा भूकंप नव्हता. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत 8,000 च्या आसपास माणसं गेली, बहुतेक दगडमातीखाली. त्या वेळच्या नकाशात हा भाग भूकंपाचा सगळ्यात कमी धोका असलेल्या पट्ट्यात होता.

पाहणी करणाऱ्या इंजिनिअरांना जागोजाग एकच गोष्ट दिसली. हिसक्यानं आतली रांग आत, बाहेरची बाहेर गेली, आणि मधली माती ओतल्यासारखी खाली आली. जिथे खांब-तुळयांचा सांगाडा घट्ट जोडलेला होता, तिथे बऱ्याच ठिकाणी भिंती ढासळूनही माळवद खांबांवर तसंच उभं राहिलं. लाकूड वाकतं, सांध्यात थोडं हलतं. मातीत बसवलेल्या दगडाला ती सोय नाही.

उपाय ऐकला तर हसू येईल इतका साधा आहे. भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत पोचणारे लांब दगड घालायचे. इंजिनिअर त्यांना थ्रू स्टोन म्हणतात. उंचीत दर 60 सेंटिमीटरला एक आणि लांबीत जास्तीत जास्त 1.2 मीटरवर एक. शिवाय भिंत 45 सेंटिमीटरपेक्षा जाड नको. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा आपला समज इथे पार उताणा पडतो.

उभ्या घरात असा दगड कसा घालणार? भूकंपानंतर त्यावरही युक्ती निघाली. भिंतीतले एक-दोन दगड अलगद काढून आरपार भोक पाडायचं; दोन्ही तोंडांशी रुंद, मधे अरुंद, डमरूसारखं. त्यात दोन्ही टोकं वळवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. ते आळलं की दोन्ही रांगा एकमेकींना धरतात. भिंतीला मारलेलं बटणच ते! मला ही कल्पना फार आवडते, कारण त्यासाठी घर पाडावं लागत नाही. पण दगडाचा धसका असा बसला होता, की पुष्कळांनी पत्र्याच्या खोलीत राहणं पसंत केलं आणि उन्हाळ्यात भट्टी सोसली.

गावाकडे ‘भिंतीला पोट आलंय’ म्हणतात, ते याच दुखण्याचं बाहेरून दिसणारं लक्षण. पावसाचं पाणी आत मुरतं, मधली माती फुगते, खाली बसते, आणि बाहेरची रांग आतलीला सोडून पुढे सरकते. ओळंबा लावला की दोरी आणि दगड यांतलं अंतर मधेच कमी झालेलं कळतं. मी पाहिलेल्या त्या भिंतीच्या उरलेल्या भागालाही तसंच पोट होतं. मालकानं त्यावर सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, आणि वर निळा रंग.