क्लाउडमधून टीव्हीवर घरगुती चित्रफिती (सोलापूर)

क्लाउडमधून टीव्हीवर घरगुती चित्रफिती : स्वतःच्या मालकीची छायाचित्रे, चित्रफिती व ध्वनिमुद्रणे इंटरनेटवरील साठ्यात ठेवून ती कुठेही उतरवून न घेता थेट घरच्या टीव्हीवर चालवण्याची पद्धत. चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या वर्गणीच्या सेवांपेक्षा ही निराळी. त्या सेवांकडे एकाच चित्रपटाच्या लहान-मोठ्या अनेक प्रती तयार असतात आणि नेटचा वेग पाहून त्यांतली पेलेल ती प्रत टीव्हीकडे जाते. इथे फाइल एकच, तीही कॅमेऱ्यातून किंवा स्टुडिओच्या संगणकातून जशी निघाली तशी. या पद्धतीतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे, नेटचा प्लॅन वाढवून त्या सुटत नाहीत.

सोलापूरच्या घरांची या प्रकाराशी गाठ पडते ती बहुधा लग्नाच्या शूटिंगमुळे. आधी व्हीएचएस कॅसेट, मग सीडी-डीव्हीडी, मग पेनड्राइव्ह असा हा प्रवास. जुने पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असत आणि त्यांवर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नसे. त्यामुळे फिल्मचे तुकडे पडत आणि हळद अर्धी एका फाइलीत, अर्धी दुसरीत जाई. आता स्टुडिओवाले लिंक पाठवतात. मुलगा पुण्यात नोकरीला, पूर्व भागातल्या पद्मशाली घराचे सोयरे तेलंगणात, अशा कुटुंबांना एकच फिल्म तीन गावांत एकाच संध्याकाळी बघता येते. जानेवारीतल्या गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची, मोबाइलवर घेतलेली दृश्ये, नंदीध्वजांच्या उंच काठ्यांची मिरवणूक आणि बाराबंदी हा पांढरा पोशाख घातलेले घरचे पुरुष, हा सोलापुरी साठ्यातला दुसरा मोठा ऐवज.

मोफत जागा लवकर संपते. गूगल खात्याला १५ जीबी मिळतात आणि त्यांत मेल, ड्राइव्ह व फोटो सगळेच मोजले जाते. वनड्राइव्ह ५ जीबी देते, ड्रॉपबॉक्स २. सेकंदाला १६ मेगाबिट दराने तयार केलेली तीन तासांची लग्नाची फिल्म २१.६ जीबी भरते. गूगल फोटोजची थोडा दर्जा कमी करून अमर्याद मोफत साठवण्याची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. म्हणून पूर्ण दर्जाचे लग्न हवे असेल, तर जागेचे भाडे धरून चालावे.

टीव्हीवरचे अॅप साठ्याच्या सर्व्हरकडे संपूर्ण फाइल मागत नाही. अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंतचा तुकडा द्या, एवढेच मागते. सर्व्हर २०६ हा संकेतांक लावून तेवढाच तुकडा देतो. रिमोटने फिल्म पुढे ढकलली की नवा तुकडा मागवला जातो. कोणत्या क्षणाचे चित्र कितव्या बाइटवर आहे, याची नोंद एमपी४ फाइलीत एका वेगळ्या भागात असते आणि पुष्कळ कॅमेरे व एडिटिंगची सॉफ्टवेअरे हा भाग फाइलीच्या अगदी शेवटी लिहितात. अनुक्रमणिका शेवटच्या पानावर बांधलेल्या पुस्तकासारखी अशा फाइलीची गत होते. चांगले अॅप आधी शेपटाचा तुकडा मागवून घेते. साधे अॅप मात्र गोल चक्र फिरवत बसते आणि घरचे लोक नेटवाल्याला फोन लावतात. एफएफएमपेग या मोफत साधनाने हा भाग फाइलीच्या सुरुवातीला आणता येतो. चित्राला हात लागत नाही, दर्जा घटत नाही आणि नव्याने एनकोड करण्याइतका, म्हणजे सगळे चित्र पुन्हा आकुंचून लिहिण्याइतका, वेळही जात नाही. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरांत एक्स्पोर्ट करताना बहुधा तशी खूणही असते. स्टुडिओने ती केली, तर गिऱ्हाइकाला यातले काहीच कळण्याची गरज उरत नाही.

दुसरा अडथळा एनकोडिंगचा. एच.२६४ हे मानक २००३ मधले, एच.२६५ हे २०१३ मधले. नवे मानक तेवढ्याच दर्जासाठी जागा बरीच कमी घेते, पण जुन्या टीव्हींना ते उलगडत नाही : आवाज येतो, पडदा काळा. आयफोन २०१७ पासून नव्या मानकात चित्रण करू शकतो. त्याच्या सेटिंगमधल्या आकड्यांप्रमाणे सेकंदाला ३० चौकटींचे (फ्रेमचे) फुल एचडी चित्रण नव्या मानकात मिनिटाला सुमारे ६० एमबी घेते, जुन्यात १३०. दोन्हीकडचे टीव्ही सांभाळायचे असतील तर जुने मानकच बरे.

अक्षतांचा क्षण हा या सगळ्या यंत्रणेची कसोटी आहे. मागच्या चौकटीपेक्षा काय बदलले तेवढेच लिहायचे, या तत्त्वावर चित्राचे आकुंचन चालते. मंगलाष्टके चालू असताना वधूवर, अंतरपाट, मामा सगळे जवळपास स्थिर, म्हणून बिट थोडे लागतात. ‘सावधान’ झाले की शेकडो हात उडतात आणि प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेने जातो. मागच्या चौकटीतले कामाला येईल असे फार थोडे उरते. मोबाइल सेकंदाला साधारण ठरावीक बिट खर्चतो, म्हणून त्याच्या चित्रणात नेमके त्या वेळी चौकोनी ठोकळे दिसू लागतात. स्टुडिओची फिल्म बिटांचा दर बदलता ठेवून काढलेली असेल तर चित्र स्वच्छ राहते, पण दर क्षणात कितीतरी चढतो, टीव्हीने पुढचा म्हणून जमवून ठेवलेला साठा आटतो आणि लग्न लागता लागता थांबते. सिद्धेश्वराच्या सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा आणि होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम यांचीही तीच तऱ्हा. दारूकामात तर अंधारातला कॅमेऱ्याचा दाणेदारपणा भर घालतो. म्हणून फिल्म घेताना स्टुडिओला बिटांचा सरासरी दर विचारून उपयोग नाही, कमाल दर विचारावा.

कागदावर ५० मेगाबिटांचे कनेक्शन अशा फिल्मला पुरते. पण ते राउटरपर्यंत. माळवदाच्या जुन्या घरांत जाड भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्‌झचा वायफाय पोचत नाही, आणि २.४ गिगाहर्ट्‌झवर शेजाऱ्यांची गर्दी. लॅनची वायर हा सर्वात स्वस्त उपाय; पुष्कळ टीव्हींचे लॅन पोर्ट १०० मेगाबिटांपुरतेच असले तरी या कामाला तेवढे रग्गड. लाइट गेली तर टीव्ही इन्व्हर्टरवर आणि राउटर साध्या सॉकेटवर, अशी जोडणी अनेक घरांत दिसते.

अँड्रॉइड टीव्हीवर एक्स-प्लोरसारखा फाइल मॅनेजर गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स उघडतो; कोडी हा मोफत प्लेअर वेबडॅव्हच्या, म्हणजे दूरच्या साठ्यातल्या फाइली उघडण्याच्या एका ठरलेल्या पद्धतीच्या, मार्गाने साठ्याला जोडता येतो. ज्या स्मार्ट टीव्हींच्या अॅप दुकानात असे काही मिळत नाही, त्यांच्या एचडीएमआय पोर्टला अॅप चालवणारी स्टिक लावावी लागते. मोबाइलवरून टीव्हीवर पाठवण्याचे दोन प्रकार सर्रास एकच समजले जातात. कास्टिंगमध्ये मोबाइल फक्त पत्ता सांगतो आणि टीव्ही किंवा क्रोमकास्ट फाइल स्वतः नेटवरून आणतो. मिररिंगमध्ये मोबाइलचा पडदाच्या पडदा टीव्हीवर जातो : बॅटरी उतरते, चित्र अडखळते आणि व्याह्यांसमोर व्हॉट्सअॅपचे मेसेज झळकतात.

टीव्हीला न पेलणारी फाइल पाहता पाहता बदलून देण्याचे काम प्लेक्स किंवा जेलीफिन ही सॉफ्टवेअरे घरच्या संगणकावर करतात. तेच काम क्लाउडमध्ये करण्याचा प्लेक्सचा प्रयोग २०१६ मध्ये जाहीर झाला. वाजवी खर्चात चांगली सेवा देणे जमत नसल्याचे सांगून कंपनीने तो नोव्हेंबर २०१८ मध्ये गुंडाळला. गूगल ड्राइव्ह स्वतः हलकी प्रत बनवून दाखवतो, पण फुल एचडीच्या वर नाही. एकाच फाइलीवर नातेवाइकांची झुंबड उडाली तर मर्यादा ओलांडल्याचा संदेश देऊन ती काही काळ बंदही करतो.

स्टुडिओची लिंक स्टुडिओच्या जागेत असते. पुढच्या सीझनसाठी त्याने जागा मोकळी केली की लग्न गेले. आपल्या ड्राइव्हमध्ये ‘शॉर्टकट’ जोडून काही साधत नाही, तो फक्त वाट दाखवतो; ‘प्रत बनवा’ केले आणि आपली जागा खर्ची पडली तरच फाइल आपली. एक प्रत हार्ड डिस्कवर असावी हे वेगळे. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल पुसू शकते. हे धोरण २०२३ मध्ये जाहीर झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून लागू झाले. आजोबांच्या नावाच्या खात्यात घराण्याचे फोटो ठेवणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे. खाते निष्क्रिय झाल्यावर त्यातला ऐवज कोणाकडे जावा, हे सेटिंगमध्ये आधीच लिहून ठेवता येते. तिथे जास्तीत जास्त १० जणांची नावे घालता येतात.