पडद्यावरचा निळा फ्लेक्सवर जांभळा का होतो : पार्श्वभूमी

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार इथल्या फ्लेक्सच्या दुकानांत एप्रिल महिना निळ्याचा असतो. 14 एप्रिलच्या जयंतीचे बॅनर छापायला लागले की जुना वाद पुन्हा निघतो. पडद्यावर निळा लखलखतो, मशीनमधून मात्र जांभळट उतरतो. गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, हाऊ तो रंग नही." त्याचं खरं असतं. या निळ्यावर लोकांची श्रद्धा आहे, तिथे 'चालतंय' म्हणून भागत नाही.

फोटोशॉपमध्ये आयड्रॉपरने (चित्रातला रंग टिपणाऱ्या साधनाने) रंग उचलणं, एक्स दाबून पुढचा-मागचा रंग अदलून-बदलून घेणं हे कोणत्याही ऑपरेटरला सांगायला नको. या सोयी कुठून आल्या आणि त्यांच्या मागे कोणाचे निर्णय आहेत, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

सुरुवात 1973 ची. अमेरिकेतल्या एका संशोधन केंद्रात पडद्यावर चित्र रंगवण्याची यंत्रणा तयार झाली. तिच्यात एका वेळी 256 रंग वापरता येत आणि प्रत्येक रंगाला यादीत एक जागा असे. त्या जागेवरचा रंग बदलला की चित्रात जिथे जिथे तो होता तिथे क्षणात बदले. पुढे प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग मिळाला, 1 कोटी 67 लाख छटा हाताशी आल्या आणि ती सोपी अदलाबदल संपली. आता साडीचा लाल हिरवा करायचा तर आधी ती साडी निवडावी लागते, सावल्या सांभाळाव्या लागतात. 1990 मध्ये आलेल्या फोटोशॉपमधली 'मॅजिक वाँड', म्हणजे सारख्या रंगाचा भाग एका क्लिकने निवडणारं साधन, आणि रंग किती जवळचा धरायचा ते ठरवणारा तिचा टॉलरन्सचा आकडा याच अडचणीवरचा उपाय होता. 1996 मध्ये अ‍ॅडजस्टमेंट लेयर (फोटोवर चढवायचे वेगळे थर) आले, तेव्हापासून मूळ फोटोला हात न लावता रंग बदलता येऊ लागला.

खरा वाद 1998 चा. फोटोशॉपच्या पाचव्या आवृत्तीने एकीकडे 'हिस्टरी' दिली. तोवर एकच पाऊल मागे जाता येत होतं, आता वीस पावलं जाता येऊ लागली. दुसरीकडे त्याच आवृत्तीने रंगाचा पायाच हलवला. आधी फाइलमधले आरजीबीचे, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाचे आकडे थेट मॉनिटरला जात, म्हणून एकच फाइल दोन मॉनिटरवर दोन तऱ्हांची दिसे. आता आकड्यांचा अर्थ मॉनिटरपासून वेगळा करून एका ठरलेल्या रंगपट्ट्याशी, म्हणजे रंगांच्या ठरावीक मर्यादेशी बांधला गेला. हे योग्यच झालं, उशिरा का होईना. पण डिफॉल्ट, म्हणजे आपण न बदलल्यास आपोआप लागू होणारा पट्टा म्हणून निवडला गेला एसआरजीबी, म्हणजे 1996 मध्ये साध्या काचेच्या मॉनिटरांसाठी सुचवलेला पट्टा. छपाईतला शुद्ध सायन (हिरवट निळी शाई) त्यात पूर्ण मावतच नाही. त्यातच जुन्या फाइली उघडताना आकडे बदलले जाण्याची धास्ती, त्यामुळे छपाईवाले चिडले. त्यांच्यासाठी दुसरा, रुंद पट्टा होता. तो एका टीव्ही-मानकातून आकडे घेताना झालेल्या चुकीतून जन्मला होता, तरी वापरणाऱ्यांना आवडला म्हणून नाव बदलून तसाच ठेवला गेला. माझ्या मते कल्पना बरोबर होती, डिफॉल्ट चुकला. आणि डिफॉल्ट महत्त्वाचाच, कारण कामाच्या गर्दीत ती सेटिंग उघडून बघणारे थोडेच.

आपल्याकडे त्याची झळ बसली ती फ्लेक्स आल्यावर. तोवर पेंटर डबा हलवून, फळीवर एक फटकारा मारून रंग ठरवत असे. निवडलेला रंग आणि लागलेला रंग एकच असे. फ्लेक्सने त्यात चार शाया (सायन, गुलाबीसर मॅजेंटा, पिवळी आणि काळी, म्हणजेच सीएमवायके) आणि पडद्याच्या आकड्यांचं शायांच्या आकड्यांत एक रूपांतर आणून घातलं. पडद्यावरचा 0-0-255 (लाल शून्य, हिरवा शून्य, निळा पूर्ण) हा निळा सायन आणि मॅजेंटा मिसळून होतच नाही. सॉफ्टवेअर दोन्ही भरपूर ओततं, मॅजेंटा वरचढ होतो, आणि निळा जांभळा होतो. शिवाय बहुतेक कॉम्प्युटरवर सीएमवायकेची डिफॉल्ट सेटिंग असते ती अमेरिकेतल्या, चकचकीत कागदाच्या रिळावर छापणाऱ्या वेब ऑफसेट मशीनची. रावेरच्या केळी व्यापाऱ्याचा फलक पीव्हीसीच्या कापडावर सॉल्व्हंट शाईने निघतो. त्या मशीनशी त्याचा काय संबंध? जाणते ऑपरेटर म्हणूनच पहिल्यापासून सीएमवायकेमध्येच निळा बांधतात: सायन 100 आणि मॅजेंटा त्याहून निदान 30 ने कमी.

अलीकडे दोन गोष्टींची भर पडली. नोव्हेंबर 2022 पासून क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या छपाई-शायांची बहुतेक रंगपुस्तकं फोटोशॉपमधून गेली. ज्यांनी वेगळे पैसे भरले नाहीत त्यांच्या जुन्या फाइलींतल्या त्या जागा काळ्या दिसू लागल्या. 1963 पासून चालत आलेली ही क्रमांकांची पद्धत अशी एका वर्गणीवर अवलंबून राहणं मला अजिबात पटत नाही. दुसरं, डिझाइनची मंजुरी आता मोबाइलवर होते, आणि नव्या मोबाइलचे पडदे एसआरजीबीपेक्षाही भडक रंग दाखवतात. म्हणून काही दुकानदार आपल्याच मशीनवर, आपल्याच कापडावर छापलेला रंगांचा तक्ता काउंटरला लावतात, प्रत्येक चौकोनाखाली त्याचे चार आकडे लिहून. गिऱ्हाइकाने त्यावर बोट ठेवायचं आणि ऑपरेटरने तेच आकडे भरायचे.